मशीन थांबलं पाहिजे

मला इथं ज्यांनी तारलं त्या खिसेवाल्या बाई. हे आधी सांगून टाकते, काय झालं ते मग. उलट्या क्रमानं सांगायला गेले की माझं रडगाणं सुरू होतं आणि बाई बिचाऱ्या राहूनच जातात. त्यांचं खरं नाव मात्र लिहिणार नाही. नियम त्यांचाच आहे. "गोष्टीत माणूस घ्यावं, नाव त्याचं त्याला परत करावं," असं त्या म्हणायच्या.

बाई कुठल्याही वस्तूकडे सरळ म्हणून बघत नसत. मान डावीकडे कलती करायची आणि कुंपणावरचा कावळा भाकरीच्या तुकड्याकडे बघतो तसं डोळ्याच्या कडेनं बघायचं. माणसाकडेही तसंच, दुकानाच्या पावतीकडेही तसंच. मला वाटायचं, लेखक लोकांची असेल ही काहीतरी ऐट. तुम्ही बघितलं असतं तर तुम्हालाही तसंच वाटलं असतं.

मी करमाळ्याची. शाळा सातवीत सोडली. नापास नाही झाले, सोडली, फरक आहे. आमचे हे गेल्यावर लेकीनं मला इकडं अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिन गावात आणलं. लेक-जावई सकाळी आपापले कॉम्प्युटर उघडून बसायचे, नात आर्या शाळेत जायची आणि मी खिडकीतून गवत बघायची. गवत तरी माणसानं किती बघावं? शेवटी लेकच मला कोपऱ्यावरच्या ड्राय क्लीनिंगच्या दुकानात घेऊन गेली. मालकीण कोरियन. तिला माझं इंग्रजी कळेना, मला तिचं. तिनं एक लांब पँट पुढं टाकली. मी उंची कमी करून तुरपाई घालून दिली. तिनं ती उलटी करून टाके बघितले आणि मान डोलावली. लागली नोकरी.

बाई पहिल्यांदा आल्या त्या भर थंडीत, राखाडी कोट घेऊन. गुडघ्याखाली जाणारा जुना कोट, दोन्ही खिसे फाटून अस्तरात उतरलेले. त्यामुळे खिशात टाकलेलं सगळं खाली घेरात जाऊन बसायचं. बाई चालल्या की कोट खुळखुळायचा. मी अस्तर उसवलं तर आतून दोन पेनं, एक चमचा, अर्धं बिस्किट आणि चुरगळलेल्या बारा चिठ्ठ्या निघाल्या. चिठ्ठ्यांवर बारीक अक्षरात काहीबाही लिहिलेलं.

आता माझा स्वभाव तुम्हाला सांगायला हवा. मी भित्री. गिऱ्हाइकाची वस्तू जशीच्या तशी परत गेली पाहिजे, नाहीतर आळ माझ्यावर येईल, ही धास्ती कायमची. आणि जशीच्या तशीपेक्षा जरा बरी गेली तर आणखी चांगलं. म्हणून मी त्या बाराही चिठ्ठ्यांना नीट इस्त्री केली.

इस्त्री फिरली तशी अक्षरं गेली. सगळी. बारा कोरे कागद माझ्यासमोर, कडक इस्त्रीचे.

घरी येऊन नातीसमोर रडायला बसले. ती म्हणाली, "आजी, रिलॅक्स! इट्स दॅट इरेझेबल पेन. हीटनं जातं. पुट देम इन द फ्रीजर." म्हणून त्या चिठ्ठ्या मी ओल्या नारळाच्या किसाच्या डब्याशेजारी, मटारांच्या पिशवीवर ठेवल्या. आणि काय सांगू, दुसऱ्या दिवशी अक्षरं परत आली! फिकट, पण आली.

बाई कोट न्यायला आल्या तेव्हा मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं कबूल केलं. खोटं बोलण्याइतकं इंग्रजी मला कुठं येत होतं? त्यांनी मान कलती करून चिठ्ठ्या बघितल्या.

"बाराच्या बारा गेल्या होत्या?"

"हो."

"आणि बाराच्या बारा परत आल्या?"

"हो."

"अरेरे," बाई म्हणाल्या. "यातल्या तीनच परत यायला हव्या होत्या." आणि इतक्या हसल्या की मालकीण आतून बघायला आली. "चाळीस वर्षांत मला असा संपादक मिळाला नव्हता," असं त्यांनी तिला सांगितलं. तिला काही कळलं नाही. त्या दिवशी मलाही कळलं नव्हतं.

त्यांनी पेन सोडून पेन्सिल धरली ती तेव्हापासून. आणि दर मंगळवारी दुकानात यायला लागल्या.

बाई लघुकथा लिहायच्या. फक्त लघुकथा. मोठं झाल्यावर काय व्हायचं ते काही त्यांनी ठरवलं नव्हतं. लहानपण डुकरं पाळणाऱ्या घरात गेलं, मग एका दवाखान्याच्या धुलाईघरात चादरी घड्या करायची नोकरी. लग्न झालं, मोडलं, पदरात एक मुलगा. तो पोहायच्या क्लासला जायचा तेव्हा बाई बाहेर गाडीत बसून लिहायच्या. "माझ्या गोष्टी त्या क्लासाच्या मापाच्या आहेत," त्या म्हणायच्या. "पंचेचाळीस मिनिटं. पोरगा ओला होऊन आला की गोष्ट संपलीच पाहिजे." पोरगा मोठा झाला, त्याचं पोहणं सुटलं, गोष्टींचं माप तेच राहिलं.

एवढ्या वर्षांत चार पुस्तकं. मधल्या काळात कॉलेजात मुलांना लिहायला शिकवलं. मासिकांना गोष्टी पाठवायच्या आणि नकार यायचे. नकार आला की आनंदानं सांगायच्या, "आज फार सुंदर शब्दांत 'नाही' म्हणाले!" गावातल्या लायब्ररीत एकदा त्यांचा वाचनाचा कार्यक्रम झाला. आम्ही सातजण होतो. त्यातले दोघं बाहेर बर्फ पडत होता म्हणून आत आलेले, एक बिस्किटांसाठी. मी पहिल्या रांगेत, लेकीचा चांगला स्वेटर घालून. शेवटी एका गृहस्थांनी विचारलं, "कादंबरी कधी लिहिणार?" बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "ह्या बाई पँटी शिवतात. यांना कुणी विचारतं का, तंबू कधी शिवणार म्हणून?"

बाकीचे सहाही जण माझ्याकडे वळून बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खरं सांगते, आतून बरं वाटलं.

मंगळवारचं मात्र मला कोडं होतं. सकाळी गिऱ्हाईक कमी. बाई स्टुलावर बसायच्या आणि नवी गोष्ट मोठ्यानं वाचायच्या. कागद एका बाजूला धरून, कावळ्यासारख्या. मी म्हटलं, "बाई, मला एवढं इंग्रजी कळत नाही हो."

"म्हणून तर तुला वाचून दाखवते. ज्यांना कळतं ते आधी छान म्हणतात आणि मग ऐकतात."

माझं मशीन खडखड चालू असायचं. अर्धं कळायचं, अर्धं मी मनानं भरायची. एकदा त्यांनी एका म्हाताऱ्याची गोष्ट वाचली. त्यानं शेजाऱ्याची शिडी आणलेली असते, अकरा वर्षं झाली, परत द्यायची राहिलेली. आणि शेजारी वारतो. घरात माणसं जमलेली असताना हा म्हातारा मागच्या दारानं शिडी गुपचूप ठेवायला जातो. शिडी लांब, दार अरुंद, वळता वळेना. तेवढ्यात शेजाऱ्याची बायको काळ्या कपड्यांत येते, शिडीचं दुसरं टोक धरते, आणि दोघं मिळून ती आत नेतात.

माझा पाय उचलला गेला. मशीन थांबलं. बाईंनी लगेच तिथं पेन्सिलीनं खूण केली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतके मंगळवार या माझं तोंड बघत नव्हत्या, मशीन ऐकत होत्या! "मशीन थांबलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "नाही थांबलं तर पान फाडायचं."

झालं, आता मला नवी काळजी. बाईंचं पान फाटायला नको म्हणून मी मधूनमधून आपणच थांबायला लागले. दुसऱ्याच मंगळवारी पकडलं त्यांनी. "खोटं थांबलीस. हे दोरा संपल्यावरचं थांबणं आहे." कान असा तिखट! मालकीणही आता शहाणी झाली होती. काम साचलं की बाईंना दारातच सांगायची, "आज चांगली गोष्ट नको. सूट द्यायचेत."

हे सगळं मजेत चाललेलं, आणि करमाळ्याहून भावाचा फोन आला. आई अंगणात पडली. खुबा मोडला. नव्वदीच्या घरातलं हाड, ते काय जुळणार? "तुझं नाव काढते सारखी," भाऊ म्हणाला.

तुम्ही म्हणाल, जायचं होतं मग. पण माझं होतं ग्रीन कार्ड. फार दिवस बाहेर राहिलं तर परत येताना अडवतील ही भीती, आणि मला तर आईजवळ राहायचं होतं, शेवटपर्यंत, परतीच्या तिकिटाची तारीख न बघता. नागरिकत्वाचा अर्ज लेकीनं आधीच भरला होता. मुलाखतीचं बोलावणं कधीही येईल, म्हणून तेवढ्या दिवसांत हलताही येईना. एकदा नागरिक झाले की कितीही राहा, लेकीकडं परतायचं दार उघडं. सगळं त्या मुलाखतीवर येऊन अडकलं.

बोलावणं आलं. प्रश्नोत्तरं मला तोंडपाठ होती. नातीनं गाडीतून जाता-येता घोकून घेतली होती. ती सगळी बरोबर आली. मग अधिकाऱ्यानं समोर एक वाक्य ठेवलं. मोठ्यानं वाचा.

अक्षरं ओळखीची होती. शब्दही. पण तोंड उघडेना. मला कोलंबस शहरातलं ते मुलाखतीचं ऑफिस दिसेचना, सातवीचा वर्ग दिसायला लागला. तपासणीला साहेब आलेले, मला उभं करून धडा वाचायला लावलेला, माझं "ते ते ते" झालेलं आणि अख्खा वर्ग हसलेला. दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत गेले नाही. आई रागावली नव्हती. "वाचता येईना तर राहू दे, हात तर चालतो की," म्हणाली आणि शेजारच्या मावशींच्या मशीनवर नेऊन बसवलं.

त्या भल्या माणसानं दुसरं वाक्य दिलं, तिसरं दिलं. मी तिन्हीला गप्प. "वाचनासाठी परत एकदा बोलावू," तो म्हणाला. एकदाच. नंतर अर्ज पहिल्यापासून. आणि आई काही पहिल्यापासून थांबणार नव्हती.

मंगळवारी बाई नवी गोष्ट घेऊन आल्या. माझं तोंड बघून त्यांनी कागद घडी करून ठेवले. मी सगळं सांगितलं.

"किती वाचायचं असतं?"

"एक वाक्य."

"एकच?" आणि बाई हसायला लागल्या. मला असा राग आला! म्हटलं, "तुम्हाला हसू सुचतं, माझी आई तिकडं..."

"अगं, मी जन्मभर तेवढंच करत आले," त्या म्हणाल्या. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू', पण बाईंचं मला 'अगं'सारखंच ऐकू यायचं. "एक वाक्य. बाकीचं मग बघू. मशीन बंद कर आणि इकडं ये."

त्या दिवसापासून मंगळवारी वाचायचं मी आणि ऐकायचं बाईंनी. त्यांच्याच गोष्टींची पानं. मालकिणीनं कुरकुर केली नाही, उलट दाराची घंटा वाजली की स्वतः पुढं जायची.

मी अडखळले की बाई विचारायच्या, "कुठं अडलीस?" मी शब्द दाखवायची.

"काट मार त्याच्यावर."

"मी?"

"तूच. चूक तुझी नाही, त्या शब्दाची. तो तिथं नीट बसला नाही म्हणून तू अडखळलीस."

जन्मात कुणी मला असं म्हटलं नव्हतं. छापायला जायच्या पानावर, लेखिकेच्या शब्दावर, सातवी सोडलेल्या बाईनं काट मारायची! पहिली काट इतकी बारीक मारली की दिसेचना. मग सवय झाली. मग जरा मजाच यायला लागली. एका पानावर मी नऊ शब्द उडवले तेव्हा बाई म्हणाल्या, "आता पुरे. थोडे मला राहू दे."

मुलाखतीआधीच्या शेवटच्या मंगळवारी शिडीची गोष्ट वाचली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मालकीण हातात हँगर धरून तशीच उभी राहिली होती.

दुसऱ्या मुलाखतीला एक बाई अधिकारी होत्या. की-बोर्डवर त्यांचं टकटक चाललेलं. वाक्य पुढं ठेवलं. मी बघितलं, पाच-सहा शब्द. मनात म्हटलं, एक वाक्य, बाकीचं मग बघू. आणि वाचलं. सावकाश, शेवटी जिथं थांबायचं तिथं थांबून, शिडीचं दुसरं टोक कुणीतरी धरलंय अशी. टकटक थांबली. त्यांनी मान वर केली. "पास."

मी तशीच बसलेली. म्हटलं, "पुढचं वाक्य?"

"नाही. एवढंच."

"पण माझी पानंच्या पानं तयारी झालीय!"

त्या हसल्या आणि म्हणाल्या, "घरी जा, आनंदाची बातमी सांगा."

मी घरी न जाता दुकानात गेले. मंगळवार नव्हता तरी बाई आलेल्या होत्या, स्टुलावर बसून होत्या. मी आत शिरले तर त्यांनी मान कलती करून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "कोण, तूच ना?" मी म्हटलं, "हो, मीच. पास." त्या विचारण्याचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही. आता वाटतं.

शपथ झाली, पासपोर्ट आला. आणि मग माझ्याच गावाला जायला मला व्हिसा काढावा लागला. यावर बाई म्हणाल्या, "ही गोष्ट मला दे." मी दिली. निघायच्या आदल्या दिवशी त्या कोट घेऊन आल्या. "अस्तर पार गेलंय. नवं घाल. घाई नाही, आल्यावर." पावतीवर मीच नंबर घातला आणि कोट माझ्या मशीनमागच्या दांडीवर टांगला.

करमाळ्यात चार महिने आईजवळ राहिले. ती पडल्या पडल्या वाती वळायची. हात थांबलेला तिला चालत नसे. एके दिवशी म्हणाली, "इंग्रजी वाचतीस म्हणं. वाच की." मी बाईंनी सोबत दिलेली पानं काढली. इंग्रजी वाक्य वाचायचं, मग त्याचं मराठी सांगायचं, असं करत शिडीची गोष्ट सांगितली. त्या काळ्या कपड्यांतल्या बायकोनं शिडीचं टोक धरलं तिथं मी आईकडे बघितलं. कापूस बोटांत तसाच होता. हात थांबला होता.

"मग?" आई म्हणाली.

"मग काही नाही. संपली."

"चांगली हाय," आई म्हणाली आणि जरा वेळानं, "वाचतीस की गं तू."

मी नातीकरवी बाईंना निरोप धाडला, मशीन थांबलं. उत्तर लगेच आलं, पण नातीनं सांगितलं, ते बाईंनी टाइप केलं नव्हतं, बोलून पाठवलं होतं. चौथ्या महिन्यात आई गेली. माझा हात तिच्या हातात होता. एवढ्यासाठीच सगळी धडपड केली होती मी.

परत आले तर मंगळवारी स्टूल रिकामं. मालकिणीनं सांगितलं, बाईंचं घर विकलं गेलं, त्या मेन राज्यात, देशाच्या पार वरच्या टोकाला, बहिणीकडे राहायला गेल्या. "डोळे," ती म्हणाली आणि स्वतःच्या डोळ्यांसमोर हात धरून दाखवला. मधलं सगळं गेलेलं, कडेचं तेवढं दिसतं. कितीतरी दिवसांपासून. शेवटी आल्या तेव्हा भिंतीला हात लावत आल्या होत्या.

मी मटकन स्टुलावर बसले. कावळ्यासारखं बघणं म्हणजे ऐट! आणि ती पानं मला वाचायला लावणं, काट माझ्या हातानं मारून घेणं... ते माझ्यासाठी होतं की त्यांच्यासाठी? अजून मला ठरवता येत नाही. एकदा फोनवर विचारलंही. "शिडीचं कुठलं टोक कुणाचं, हे कोण विचारतं?" असं म्हणाल्या आणि हवापाण्यावर गेल्या. फोनवर त्या फार बोलत नाहीत. म्हणतात, मशीन नीट ऐकू येत नाही.

कोट अजून दांडीवर आहे. इतके महिने कुणी न नेलेला कपडा दान करायचा, असा दुकानाचा नियम. मालकीण दर महिन्याला त्याच्यापाशी येते, पावती बघते आणि दुसरीकडे बघत निघून जाते. अस्तर मी बदललं, निळं घातलं. जुनं उसवताना घेरात एक चिठ्ठी सापडली. जाड मार्करनं लिहिलेली, अक्षरं इंच-इंच उंच. यावेळी इस्त्री लावली नाही. एकच वाक्य होतं, आणि ते मी न अडखळता वाचलं: 'शिडी मी घरात असताना आणून दे.'

पुढच्या गोष्टीसाठी लिहिलं होतं की माझ्यासाठी, देव जाणे. मी माझ्यासाठी धरलंय. जावई म्हणतो, कोट कुरियरनं पाठवू. मी नाही म्हटलं. मेन लांब आहे, एकटीनं विमान बदलायचं म्हणजे मला आताच घाम फुटतो. पण बाई, बर्फ वितळला की येते मी. कोट अंगावर घालून येते, खिशात तुमची चारी पुस्तकं, खिसे आता मजबूत आहेत. तुम्ही खुर्चीत बसा, मी वाचते. एक वाक्य. बाकीचं मग बघू.